उमाळीला चैत्रात पाणी

५ एप्रिल, रविवार

नदी वाहतेय. एप्रिल महिन्यात!

सकाळी सासूबाई ओरडतच घरात आल्या — "भावना, चाल पाह्यले! उमाळी अजून चालू हाय!" मला काय दाखवता, मीच सोडते ते पाणी. विमानतळाचं सगळं सांडपाणी आमच्या प्लांटात येतं, तिथं शुद्ध होतं आणि पाइपातून उमाळीत पडतं. विमानतळ नवं, नोकरी नवी, आणि आता नदीही नवी.

लग्न होऊन वडझिऱ्यात आले तेव्हापासून एप्रिलात या नदीत फक्त वाळू पाहिली. होळी झाली की उमाळी संपली. मग झिरा. आमचा सगळा खारपाण पट्टा — विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, नळ आला तर आला. म्हणून कोरड्या वाळूत खड्डा खणायचा, त्यात गोड पाणी पाझरतं, ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं. खड्डा म्हणजेच झिरा. गावाचं नावही त्याच्यावरूनच.

वरच्या आळीतल्या लीलाबाई आज मुद्दाम घरी आल्या. "तुमच्या इमानतळानं नदीले जीव देला बाप्पा!" मी हसले. हे पाणी कुठून निघतं ते त्यांनाही माहीत आहे, पण मी तोंडानं सांगावं असं त्यांना वाटत नाही. मलाही नाही. संध्याकाळी माझा नवरा संघपाल अकोल्याला परत गेला. त्याच्या ऑफिसात म्हणे सगळे विचारतात — वहिनी विमानतळावर काय करतात? हा सांगतो, "केमिस्ट आहे." पुढचं सांगत नाही, लबाड!

७ एप्रिल

आज काम कमी. बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. टाकीतल्या तपकिरी गाळाचा एक थेंब, आणि त्यात ही एवढी वस्ती! देठावर उभे राहून तोंड उघडमीट करणारे, गरागरा फिरणारे, उगाच घाईत असल्यासारखे पळणारे. घाण खातात ते हेच. मी फक्त त्यांना हवा देते आणि बाकीच्यांना त्यांच्यापासून दूर ठेवते. प्लांट मॅनेजर ललित सर म्हणतात, "मॅडम, तुम्ही त्यांना नावं पण ठेवली असतील." ठेवली आहेत. सांगणार नाही.

८ एप्रिल

दीपमाला आली. नणंदबाईंना आठवा महिना लागलाय. मागच्या वेळी सातव्यात गेलं, त्यामुळे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, या खेपेला जावयाचं काही ऐकलं नाही, सरळ घेऊन आल्या. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "मायबाई, झिऱ्याचं पाणी दे आधी. तिकडचं फिल्टरचं पाणी पिऊन जीभ मेली माही."

आईंनी वाहत्या नदीच्या काठालाच वाळूत झिरा खणलाय. नदी वाहत असताना झिरा! मी विचारलं तर म्हणाल्या, "नदीचं पाणी जनावराले. मानसाले वाळूतलं. वाळू गाळून देते."

११ एप्रिल, शनिवार

सगळे मेले.

विमानाच्या संडासात निळं औषध असतं, वास मारायला, जंतू मारायला. ते थोडं थोडं, बाकी पाण्यात मिसळून प्लांटात घ्यायचं असतं. आतापर्यंत तसंच चाललं होतं. आता विमानं मुक्कामाला थांबायला लागली, टँकर भरून यायला लागले, आणि टँकरवाल्याला घाई. सगळा टँकर एकदम ओतून मोकळा! मी पोचले तेव्हा टाकी वरपासून खालपर्यंत निळी होती. शाई ओतल्यासारखी.

दुपारी थेंब घेऊन पाहिला. देठं उभी होती. वर कोणी नव्हतं. मी काच सरकवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काहीच हललं नाही. जे जंतूंना मारायला बनवलं ते माझ्या जंतूंना कशाला सोडेल?

ललित सर शांत. "क्लोरीन वाढवा. आऊटलेटला पाणी क्लिअर दिसलं पाहिजे." वाढवलं. क्लोरीननं निळा रंग उडाला. तपासणीचं औषध टाकलं की थेंब पिवळाधमक होतोय, म्हणजे पाण्यात क्लोरीन भरपूर. दिसायला पाणी आधीपेक्षाही स्वच्छ. काचेसारखं! तेच उमाळीत सोडलं. मी काय करणार होते? टाकी तर तुंबू देता येत नाही.

१२ एप्रिल

नदीकाठी एकही डास नाही. आई खूश.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी मिरवणूक, निळे झेंडे, निळा गुलाल, डीजे. दीपमाला दारात खुर्ची टाकून बसली, नाचता येत नाही म्हणून रडकुंडीला आलेली. मी तिच्या वाटचं नाचून घेतलं.

दुपारी पाय धुवायला नदीवर गेले, एकटीच. आणि उभीच राहिले. कसलाच आवाज नव्हता. पाणी वाहत होतं, त्याचा काय तो खळखळाट, बाकी काही नाही. बेडूक नाही, टिटवी नाही, पाण्यावर धावणारे ते लांब पायांचे किडे नाहीत. दगडांवरचं शेवाळ गेलंय. सगळे दगड पांढरे पडलेत, घासून पालथी घातलेली भांडी असावीत तसे. लीलाबाईंच्या घरची बैलजोडी काठाशी आणली होती. बैल पाण्यापर्यंत आले, मान खाली घातली, आणि तसेच उभे राहिले. कितीतरी वेळ. प्यायले नाहीत. गडी शिव्या देत मागं घेऊन गेला.

उन्हात अंगावर काटा आला. खरंच आला.

लीलाबाई म्हणतात, नदी कशी दवाखान्यासारखी साफ झाली!

१६ एप्रिल

गाळ पुन्हा जगवायचा तर शेण लागतं. शेण आणि गूळ पाण्यात कालवून टाकीत सोडायचं, म्हणजे जंतू धरतात. साऱ्या देशात असंच करतात, पण हे गावाला कोण सांगणार! मी घरोघर शेण मागत फिरले. पोरी हसून हसून लोळल्या. "वहिनी, इमान सारवून राहिल्या का?" आई मात्र दोन टोपल्या भरून घेऊन आल्या. ललित सरांनी गेटवर त्यांची झडती घेऊ दिली नाही, एवढं मान्य करायला हवं.

१८ एप्रिल

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली एक हललं होतं. एकच, पण हललं. दुपारी टँकर आला. टँकरवाल्याशी भांडले, तो म्हणाला, "मॅडम, मला वरून सांगितलंय." वरून म्हणजे कुठून, ते कोणालाच माहीत नाही.

पुन्हा निळं.

१९ एप्रिल, रविवार

आज घरात मोठं भांडण झालं.

झिऱ्याचं पाणी बाटलीत भरून मी काल प्लांटवर नेलं होतं. तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला. पिवळं! फिकट, पण पिवळं. म्हणजे नदीचं पाणी वाळूतून सरळ झिऱ्यात येतंय. क्लोरीन येतंय तर त्याच्याबरोबर ते निळं औषधही येत असणार. रंग उडाला म्हणून औषध थोडंच गेलं? आणि दीपमाला तेच पाणी तांब्यानं पितेय.

आज संघपालसमोर सगळं सांगितलं. संडासापासून क्लोरीनपर्यंत. काही लपवलं नाही. दीपमालाचा हात पोटावर गेला. आई ऐकत होत्या, निवडत असलेली तूर हातातच होती. मग म्हणाल्या —

"आमचा झिरा खालच्या अंगालेच असे. वरती त्यांचा, मंग जनावराचं, मंग धुणं, मंग आमी. माह्या सासूनं तेच पानी पेलं, म्या तेच पेलं. तवा कोणी बाटलीत भरून नाई पाह्यलं काय येते त्याच्यात. आता नदी सगळ्याइची झाली, तं तू म्हनते बंद कर?"

मी म्हटलं, आई, हे तसं नाही. हे औषध आहे.

"मंग त्याइले काहून नाई सांगत? आधी वरच्या आळीत जाऊन सांग. मंग मले सांग."

त्या उठून गेल्या. त्यांचं म्हणणं एका अंगानं बरोबरच होतं, म्हणून जास्त राग आला. संध्याकाळी वरच्या आळीत गेले. लीलाबाईंनी चहा दिला, ऐकून घेतलं, म्हणाल्या, "पानी तं गोड लागते न?" आमच्याकडे पाण्याची परीक्षा जिभेनं. खारट नाही ना, मग चांगलं. संपलं!

२० एप्रिल

दीपमालासाठी पाणी उकळून ठेवलं. ती घोट घेते आणि बाजूला ठेवते. "वहिनी, हे मेलेलं लागते." उकळून औषध जात नाही हे मला माहीत आहे. तरी उकळते. हाताला काहीतरी काम हवं.

२१ एप्रिल

मार्ग निघाला!

कुंपणाच्या मागं मुरमाची जुनी खदान आहे. धावपट्टीच्या भरावाला तिथूनच मुरूम काढला होता. आता नुसता खड्डा, तळ्याएवढा. ललित सरांना म्हटलं, प्लांट सुधारेपर्यंत नदीची झडप बंद करा आणि पाणी खदानीत सोडा. मला वाटलं नाही म्हणतील. लगेच हो म्हणाले. नदीचं पाणी तपासायला म्हणे वरून कोणीतरी येणार आहे, त्यापेक्षा हे बरं. क्लोरीनही वाचलं — खड्ड्यात टाकायच्या पाण्याला कशाला क्लोरीन?

झडप मी स्वतःच्या हातानं फिरवली. चाक गंजलेलं, जोर करून बंद केलं. तळहात सोलवटला. एवढं समाधान मला पगाराच्या दिवशीही होत नाही.

२३ एप्रिल

उमाळी उतरली. गाव माझ्याशी बोलत नाही. पाणवठ्यावर एकीनं माझ्याकडे पाहून पचकन थुंकलं. लीलाबाईंच्या मुलानं विचारलं, "कोणाच्या परवानगीनं नदी बंद केली?" नदी सुरू कोणाच्या परवानगीनं केली होती, ते कोणी विचारलं नव्हतं.

पात्रात जाऊन आले. डबक्यात मासे मेलेले, बोटाएवढे. पण वास नाही. माशी नाही, मुंगी नाही, कावळा नाही. उन्हात नुसते पडलेत, चकचकीत, आत्ताच धुतल्यासारखे. त्यांना खायला कोणीच आलं नाही. मी लवकर निघाले. मागं वळून पाहिलं नाही.

२५ एप्रिल, शनिवार

झिरा तपासला. नदी कोरडी, पण झिऱ्यात पाणी आहे, चांगलं ढोपरभर. क्लोरीन तपासायचं औषध टाकलं. थांबले. आणखी थांबले. पिवळं नाही! पुन्हा केलं. पिवळं नाही. म्हणजे नदीचं पाणी आतून पूर्ण निघून गेलं. हे आता जुनं, वाळूतलं, आपलं पाणी.

मग चूळ भरून पाहिली. गोड! आम्हीही शेवटी जिभेचेच.

धावत घरी आले. दीपमालाला तांब्या भरून दिला आणि म्हटलं, आता पी. तिनं तांब्या हातात धरला. "नक्की न, वहिनी?" नक्की. तिनं डोळे मिटून सगळा तांब्या संपवला, आणि मग पदरानं तोंड पुसत रडली. मीही रडले. आई दारात उभ्या होत्या. रात्री माझ्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा होता.

२७ एप्रिल

खदान भरत नाही.

ललित सर हात चोळत होते — "कितीही टाका मॅडम, जागाच जागा!" सकाळी मी काठावर उभी राहून पाहत होते. पाइपातून धो धो पडतंय, आणि पाण्याची पातळी कालच्या ओल्या रेघेच्या खाली. ऊन आहे म्हणावं, पण एवढं ऊन? पाणी मधोमध हळू गोल फिरत होतं. वारा नव्हता. वर निळी साय धरलेली, तीही पाण्याबरोबर फिरत होती. पाहता पाहता मलाच गरगरलं. पक्षी तिथंही नाहीत.

ललित सरांना म्हटलं, हे जातं कुठं? म्हणाले, "जाईना कुठंही. नदीत तर नाही ना?" नदीत नाही, हे खरं.

२९ एप्रिल

झिरा काठोकाठ! वैशाख लागला तरी आटायचं नाव नाही. उपसला की लगेच भरतो, बसून वाट पाहायला नको. आई म्हणतात, असा झिरा त्यांनी जन्मात पाहिला नाही. "उमाळी आतून वाहून राहिली."

आणि आज नवल झालं. वरच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन खाली आल्या, आमच्या झिऱ्यावर. त्यांचा वरचा कोरडा पडला, आमचा भरला. आईंनी वाटीनं पाणी काढून लीलाबाईंच्या घागरीत ओतलं. लीलाबाई जाताना आईंना म्हणाल्या, "दुर्गाबाई, पानी लय गोड हाय तुमचं." आई घरी येऊन म्हणाल्या, "तुमचं म्हने. तुमचं!" आणि हसल्या.

गाव पुन्हा माझ्याशी बोलायला लागलं. भावनाबाईनं तपासलं, भावनाबाई म्हणते चांगलं आहे. माझ्या नावावर आता पाणी चालतं!

१ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना, मग खीरदान. दर वर्षी आमच्यातल्यांपुरती असते, यंदा आईंनी हट्टानं सगळ्या गावाची केली. मोठी कढई, भगुणं, तांदूळ, गूळ, पाणी झिऱ्याचं. लीलाबाईंच्या घरून दूध आलं. वरची आळी विहाराच्या मांडवात पहिल्यांदा पंगतीला बसली. म्हातारे, पोरं, सगळे. मी वाढत होते, हात थांबत नव्हता. एक आजोबा म्हणाले, "पोरी, आनखी टाक. पान्यालेच चव हाय."

दीपमालानं दोन वाट्या खाल्ल्या. म्हणाली, बाळ आज नाचून राहिलं. तिचा हात धरून मीही पोटावर हात ठेवला. खरंच नाचत होतं.

सुखानं झोप येईल असं वाटलं होतं. खदान मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

२ मे

कालच्या खिरीच्या पाण्यासाठी आईंनी नवं पांढरं फडकं काढलं होतं. सगळं पाणी त्यातूनच गाळलं. सकाळी ते दोरीवर वाळत होतं. मधोमध हातभर निळा गोल.

हा निळा मी ओळखते. खदान का भरत नव्हती, ते कळलं; ती जमिनीखालून झिऱ्यात उतरत होती. थेंब पिवळा झाला नाही, कारण त्या पाण्यात मी क्लोरीनच टाकलं नव्हतं.

पळत आत गेले. दीपमाला उठली होती. स्वयंपाकघरात तांब्या तोंडाला लावून उभी. मी ओरडले. ती दचकली. "काहून वहिनी? तुमीच तं म्हटलं पी."

तांब्या तिच्या हातातून घेतला. रिकामा होता.